सगळ्यांना कान देणारा माणूस

मित्रांनो, प्रगतिपुस्तक घरी आलं की आई-बाबांची नजर आधी गुणांवर जाते आणि मग हळूच खाली, शिक्षकांच्या शेऱ्यावर. ‘प्रगती समाधानकारक’, ‘अक्षर सुधारावे’, ‘वर्गात फार बडबड करतो’... हे शेरे तुमच्या चांगलेच ओळखीचे असतील. पण १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या श्रूजबरी या निवासी शाळेतल्या एका मुलाला मिळालेला शेरा या सगळ्यांवर कडी करणारा होता. त्याच्या शिक्षकांनी लिहिलं होतं त्याचा अर्थ असा : ऐकवणार नाहीत अशा रेकॉर्ड्सचं वेड आणि लांबलचक, वात्रट निबंध लिहिण्याची हौस, एवढ्या भांडवलावर जॉन कदाचित एखादा भयंकर उद्योग काढील!

आता असा शेरा घरी गेल्यावर काय झालं असेल, याची कल्पना तुम्हीच करा. पण गंमत बघा, हा शेरा अक्षरशः खरा ठरला. त्या मुलानं आयुष्यभर तोच ‘भयंकर उद्योग’ केला. इतरांना ऐकवणार नाहीत अशा रेकॉर्ड्स त्यानं रेडिओवरून सगळ्या देशाला ऐकवल्या आणि त्या वाजवता वाजवता वात्रट गप्पाही मारल्या. तोही थोडाथोडका काळ नाही, बीबीसीवर तब्बल ३७ वर्षं! पुढं मोठेपणी तो म्हणायचा, की त्या मास्तरांची नजर मोठी तीक्ष्ण होती.

त्या मुलाचं नाव जॉन रॉबर्ट पार्कर रेव्हन्सक्रॉफ्ट. जग त्याला ओळखतं ते मात्र जॉन पील या नावानं.

कापसाच्या घरातला मुलगा

जॉनचा जन्म ३० ऑगस्ट १९३९ चा, लिव्हरपूल शहराजवळच्या हेझवॉल या गावातला. तारखेकडे नीट बघा. त्यानंतर चारच दिवसांनी ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरलं. जॉनचे वडील कापसाचे व्यापारी होते, पण युद्ध सुरू झालं आणि ते सैन्यात गेले. वडिलांची नीट ओळख व्हायला जॉनला सहा वर्षं वाट पाहावी लागली. पुढं निवासी शाळेत पाठवणी झाली, म्हणजे पुन्हा घर दूरच.

अशा मुलाला सोबत कुणाची? रेडिओची! १९५६ साली, सोळाव्या वर्षी, त्यानं रेडिओवर एल्व्हिस प्रेस्लीचं गाणं ऐकलं. आधी जिथं काहीच नव्हतं तिथं एकदम काहीतरी आहे असं वाटलं, असं त्यानं नंतर सांगितलं. झालं! त्या दिवसापासून रेकॉर्ड्स जमवायचं जे वेड लागलं, ते शेवटपर्यंत सुटलं नाही.

पण वेडानं पोट भरत नाही, असं घरची मंडळी म्हणतातच. तेव्हा ब्रिटनमध्ये तरुणांना सक्तीनं सैन्यात जावं लागे. जॉननं तिथं रडारवर दोन वर्षं काढली, मग कापडगिरणीत काम केलं. १९६० मध्ये वडिलांनी त्याला अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात कापसाचा धंदा शिकायला पाठवलं. कापसात काही त्याचं मन रमेना. मग विमा कंपनीत कारकुनी. तिथंही तेच. डलास शहरातल्या एका रेडिओ केंद्रावर मात्र त्यानं आपल्या रेकॉर्ड्स काखोटीला मारून पाऊल ठेवलं आणि तिथं त्याचा जीव रमला. पगार? एक पैसासुद्धा नाही!

याच डलासमध्ये २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली. त्या रात्री पोलिसांनी पकडलेल्या ली हार्वे ओस्वाल्डला पत्रकारांसमोर उभं केलं, तेव्हा त्या गर्दीत आपला जॉनही होता! ‘मी लिव्हरपूल एको या वर्तमानपत्राचा बातमीदार आहे,’ अशी थाप मारून तो आत घुसला होता. त्या प्रसंगाच्या चित्रफितीत तो दिसतोसुद्धा.

आणि मग नशीब पालटलं ते बीटल्समुळे. लिव्हरपूलच्या या चार पोरांनी १९६४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत पाऊल टाकलं आणि सारी अमेरिका वेडी झाली. लिव्हरपूलकडून आलेल्या कुणाचाही भाव एकदम वधारला. डलासच्या दुसऱ्या एका रेडिओ केंद्रानं जॉनला बीटल्सबद्दल बोलायला बोलावलं. बीटल्सशी त्याची ओळख नव्हती. पण बोलण्यात लिव्हरपूलचा हेल होता, तेवढं पुरलं! तिथून ओक्लाहोमा, मग कॅलिफोर्निया असं करत जॉन पगारी निवेदक झाला आणि १९६७ मध्ये मायदेशी परतला.

समुद्रातलं रेडिओ केंद्र

त्या काळी ब्रिटनमध्ये रेडिओ म्हणजे बीबीसी. आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. तरुणांना हवं असलेलं नवं संगीत बीबीसीवर फारच थोडं लागायचं. मग काही हुशार मंडळींनी एक युक्ती काढली. जहाजावरच रेडिओ केंद्र थाटायचं आणि ब्रिटनच्या सागरी हद्दीबाहेर नांगर टाकून तिथून दिवसभर गाणी वाजवायची. देशाचा कायदा तिथं पोचायचा नाही, पण रेडिओलहरी मात्र थेट घराघरांत पोचायच्या! लोक या केंद्रांना ‘चाच्यांचे रेडिओ’ म्हणत.

यातल्याच ‘रेडिओ लंडन’ या जहाजावर जॉनला काम मिळालं. रेव्हन्सक्रॉफ्ट हे आडनाव लांबलचक, म्हणून कचेरीतल्या एका मुलीनं सुचवलं, ‘जॉन पील असं नाव घे की!’ तेच नाव कायमचं चिकटलं.

पील यांच्या वाट्याला मध्यरात्रीची वेळ आली. इतरांना ती नकोशी वाटली असती, पण पील यांच्या ती पथ्यावरच पडली. त्या वेळी साहेबलोक झोपलेले. रेडिओवर काय चाललंय हे बघायला कोण जागं राहणार? मग पील यांनी जाहिराती गाळल्या, हवामानाचा अंदाज गाळला आणि मनाला येईल ते संगीत लावायला सुरुवात केली. श्रोत्यांची पत्रं ते वाचून दाखवत आणि त्यांच्याशी निवांत गप्पा मारत. साहेबांच्या हे लक्षात येईपर्यंत ढिगानं पत्रं येऊ लागली होती!

पण ही मजा सहा महिनेसुद्धा टिकली नाही. सरकारनं नवा कायदा केला आणि १४ ऑगस्ट १९६७ रोजी ‘रेडिओ लंडन’ बंद झालं. मात्र तरुणांना काय ऐकायचंय हे बीबीसीलाही कळून चुकलं होतं. ३० सप्टेंबर १९६७ रोजी तरुणांसाठी ‘रेडिओ १’ हे नवं केंद्र सुरू झालं आणि बीबीसीनं ज्यांना घेतलं त्यांत जहाजावरची बरीच मंडळी होती. पीलही त्यांतलेच. त्या पहिल्या फळीतले बाकीचे एकेक करून बाहेर पडले. पील मात्र २००४ पर्यंत राहिले.

एक दिवस, चार गाणी

आता एक मजेशीर नियम ऐका. रेकॉर्डवर सुई टेकवून गाणी वाजवायला बीबीसीला दिवसाचे मोजकेच तास मिळत. वादकांच्या संघटनेचं म्हणणं असं, की सगळं रेकॉर्डवरच वाजवलं तर वादकांनी खायचं काय? रेकॉर्ड कंपन्यांचंही धोरण तेच. मग उरलेला वेळ भरायचा कसा? तर खऱ्याखुऱ्या गायक-वादकांना स्टुडिओत बोलवायचं आणि त्यांचं गाणं तिथंच ध्वनिमुद्रित करायचं.

या अडचणीचं पील यांनी सोनं केलं. त्यांनी आणि त्यांच्या कार्यक्रमाच्या निर्मात्यांनी नावाजलेल्यांना सोडून ज्यांची नावंही कुणी ऐकली नव्हती अशांना बोलवायला सुरुवात केली. लंडनमधल्या मेडा व्हेल स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण चाले. ही इमारत मुळात चाकांच्या बुटांवरून घसरत खेळण्यासाठी बांधलेली! पोरं सकाळी आपली वाद्यं घेऊन येत, दिवसभरात साधारण चार गाणी वाजवत आणि काम संपवून रात्री घरी जात. त्याचे रीतसर पैसेही मिळत. काही दिवसांनी ती गाणी पील यांच्या कार्यक्रमात लागत. या ध्वनिमुद्रणांना ‘पील सेशन’ असं नाव पडलं.

ज्यांची एकही रेकॉर्ड निघालेली नाही अशा पोरांसाठी हा दिवस म्हणजे काय असेल, विचार करा. गल्लीतल्या गॅरेजमध्ये शेजाऱ्यांच्या शिव्या खात वाजवणारी पोरं एकदम बीबीसीच्या स्टुडिओत! ३७ वर्षांत २,००० हून अधिक गायक आणि वाद्यवृंदांची मिळून ४,००० हून अधिक सेशन्स झाली. पुढं जगप्रसिद्ध झालेले डेव्हिड बोवी, लेड झेपेलिन, द स्मिथ्स असे कितीतरी जण आपल्या सुरुवातीच्या काळात या कार्यक्रमातून ऐकू आले. माइक ओल्डफील्ड या तरुणानं एकोणिसाव्या वर्षी, बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवून, पाऊण तासाहून लांब अशी एक रचना तयार केली होती. एवढी लांब रचना रेडिओवर कोण लावणार? पील यांनी १९७३ च्या मे महिन्यात ती सगळीच्या सगळी लावली! ‘ट्युब्युलर बेल्स’ हे तिचं नाव. पुढं तिच्या लाखो प्रती खपल्या.

कार्यक्रमाचे निर्माते जॉन वॉल्टर्स हे स्वतः ट्रम्पेट वाजवणारे. त्यांची आणि पील यांची जोडी १९६९ पासून वीसहून अधिक वर्षं टिकली. वॉल्टर्स म्हणायचे, की आमचं नातं माणूस आणि त्याच्या कुत्र्यासारखं आहे. फक्त दोघांनाही वाटतं, की कुत्रा तो समोरचा आहे!

डेरीची पोरं

उत्तर आयर्लंडमधलं डेरी हे शहर. १९७० च्या दशकात तिथं रस्त्यारस्त्यावर बंदूकधारी सैनिक उभे असत. दंगली, बॉम्बस्फोट, गोळीबार हे रोजचंच. अशा शहरातल्या विशीच्या आसपासच्या पाच पोरांनी ‘द अंडरटोन्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. त्यांच्या गाण्यात बंदुका नव्हत्या. होती ती फक्त त्या वयातली हुरहुर आणि धमाल.

बेलफास्टच्या एका छोट्या रेकॉर्ड-दुकानदारानं त्यांची रेकॉर्ड काढली. ती घेऊन तो लंडनला गेला, पण कुठलीच मोठी कंपनी दाद देईना. रेकॉर्डची एक प्रत पील यांच्याकडे पोचली. सप्टेंबर १९७८ मध्ये पील यांनी ‘टीनेज किक्स’ हे अडीच मिनिटांचं गाणं लावलं. ते संपलं आणि त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली. तेच गाणं लगेच पुन्हा लावलं!

त्याच सुमारास एका अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे मालक इंग्लंडमध्ये मोटारीतून चालले होते. रेडिओ चालू होता. गाणं ऐकून त्यांनी आपला माणूस थेट डेरीला धाडला आणि करार झाला. सगळ्या दारांवरून परत आलेली पोरं काही आठवड्यांत देशभर टीव्हीवर दिसू लागली. पील यांना विचारलं, की तुमचं सगळ्यांत आवडतं गाणं कुठलं, तर शेवटपर्यंत उत्तर एकच : ‘टीनेज किक्स’.

बिर्याणी घ्या, गाणं लावा

१९८३ मधली गोष्ट. बिली ब्रॅग नावाचा एक गरीब तरुण गायक. नुकतीच त्याची पहिली रेकॉर्ड आलेली. एका संध्याकाळी रेडिओवर पील बोलता बोलता म्हणाले, ‘इतकी भूक लागलीय, की मश्रूम बिर्याणीसाठी मी काहीही करीन!’

बिलीनं ते ऐकलं मात्र, धावत जाऊन बिर्याणी घेतली आणि एका हातात बिर्याणी, दुसऱ्या हातात रेकॉर्ड असा तो बीबीसीच्या दारात हजर झाला. पील यांनी बिर्याणी खाल्ली आणि रात्री बिलीचं गाणंही लावलं. वर श्रोत्यांना सांगून टाकलं, की बिर्याणी दिली नसती तरी मी हे गाणं लावलंच असतं. फक्त एक गडबड झाली. रेकॉर्ड चुकीच्या वेगावर लावली गेली! पील यांच्या हातून हे नेहमीच व्हायचं. चूक झाली की ते शांतपणे कबूल करायचे आणि पुन्हा लावायचे. श्रोत्यांना त्याचीही मजा वाटायची.

इतर निवेदक उत्साहानं ओरडत बोलत. पील यांचा आवाज संथ, जरासा कंटाळल्यासारखा, शेजारच्या खुर्चीवर बसून बोलणाऱ्या काकांसारखा. कुणीतरी त्यांना म्हणालं, की सीडी चांगली, रेकॉर्डसारखी खरखर तिच्यात नसते. त्यावर पील यांचं उत्तर प्रसिद्ध आहे : ‘अरे बाबा, आयुष्यातसुद्धा खरखर असतेच की!’

अठरा वर्षांचा मुलगा आणि एक कॅसेट

१९८१ साली शेफील्ड शहरात पील यांचा कार्यक्रम होता. तिथं एका मुलानं भीतभीत त्यांच्या हातात कॅसेट ठेवली. शाळेतल्या मित्रांना घेऊन त्यानं ‘पल्प’ नावाचा वाद्यवृंद काढला होता. मुलाचं नाव जार्व्हिस कॉकर. पील यांनी घरी जाताना ती कॅसेट ऐकली आणि थोड्याच दिवसांत बीबीसीचं बोलावणं आलं. नोव्हेंबर १९८१ मध्ये जार्व्हिस सेशनला गेला, तेव्हा त्याला अठरावं संपून दोन महिने झाले नव्हते.

तुम्ही म्हणाल, आणि मग तो लगेच प्रसिद्ध झाला! छे. पुढची दहा-बारा वर्षं पल्पला फारसं कुणी विचारलंच नाही. सोबती आले, गेले. जार्व्हिस मात्र चिकटून राहिला. १९९३ मध्ये पील यांनी त्याला दुसऱ्या सेशनसाठी बोलावलं. दोन सेशन्समध्ये बारा वर्षांचं अंतर! १९९५ मध्ये पल्पचं ‘कॉमन पीपल’ हे गाणं गाजलं आणि साऱ्या ब्रिटनला जार्व्हिसचं नाव कळलं.

खरं सांगायचं तर पील यांच्याकडे सेशन केलेल्या बहुतेकांना अशी प्रसिद्धी कधीच मिळाली नाही. कुणी शिक्षक झालं असेल, कुणी दुकान टाकलं असेल. पील यांना त्याचं काही वाटत नसे. कारण पुढं कोण मोठं होईल, हा हिशेब त्यांनी कधी मांडलाच नाही. आधी कधी ऐकलं नाही असं काहीतरी ऐकायचं, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून तर १९७६ मध्ये पंक हे दणदणाटी संगीत आलं, तेव्हा त्यांनी बिनधास्त ते लावलं. जुन्या श्रोत्यांनी संतापून पत्रं लिहिली, ‘हा गोंगाट बंद करा!’ पील यांनी बंद केला नाही. मोठमोठ्या कलाकारांना लावायला बाकीचे आहेतच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

याची किंमतही होतीच. त्यांचा कार्यक्रम नेहमी रात्री उशिरा. बीबीसीनं त्याची वेळ कितीदा तरी बदलली, आठवड्यातल्या रात्रीही कमी केल्या. घरी कॅसेट्सचे, रेकॉर्ड्सचे ढीग वाढतच चालले. मोटार चालवतानासुद्धा त्यांचं ऐकणं चालू असे. तरी सगळं ऐकून होत नाही, याची त्यांना खंत वाटे. या न ऐकलेल्या ढिगात एखादं चांगलं गाणं पडून राहिलं असेल तर?

माणसांनाही कान

पील सफोक परगण्यातल्या ग्रेट फिनबरो या छोट्या खेड्यात राहत. पत्नी शीला, चार मुलं, आणि दर खोलीत रेकॉर्ड्स. लिव्हरपूलच्या फुटबॉल संघाचं त्यांना इतकं वेड, की मुलांच्या नावांत त्यांनी त्या संघाचं मैदान, खेळाडू आणि प्रशिक्षक यांची नावं घातली! ॲनफील्ड, डाल्ग्लिश आणि शँकली.

१९९८ मध्ये बीबीसीच्या ‘रेडिओ ४’ वर शनिवारी सकाळी त्यांचा ‘होम ट्रुथ्स’ हा कार्यक्रम सुरू झाला. यात गाणी महत्त्वाची नव्हती. साधी माणसं आपल्या घरातल्या गोष्टी सांगत. कधी आजोबांच्या विचित्र सवयी, कधी भावंडांचं भांडण, कधी घरातलं कुणी गेल्याचं दुःख. पील ऐकत, मध्येच एखादा प्रश्न विचारत. इतकी वर्षं मध्यरात्री पोरांची गाणी ऐकणारा माणूस आता सकाळच्या चहाबरोबर त्यांच्या आई-बाबांचं ऐकू लागला. दुसऱ्याच वर्षी या कार्यक्रमाला रेडिओ जगतातले मानाचे चार सोनी पुरस्कार मिळाले. पील यांनाही १९९८ मध्येच ‘ओबीई’ हा किताब मिळाला. २००२ मध्ये बीबीसीनं लोकांची मतं घेऊन १०० थोर ब्रिटिशांची यादी केली. राजे, सेनापती, शास्त्रज्ञ यांच्या त्या पंगतीत रात्री गाणी लावणारा हा माणूस ४३ वा होता!

२५ ऑक्टोबर २००४ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, कुझ्को या शहरी, हृदयविकाराच्या झटक्यानं पील यांचं निधन झालं. वय ६५. ते शीलाबरोबर तिथं गेले होते. बातमी कळल्यावर ‘रेडिओ १’ वर ‘टीनेज किक्स’ वाजलं. बरी सेंट एडमंड्सच्या कॅथीड्रलमध्ये अंत्यविधीला हजाराच्या वर माणसं जमली. त्यांत नामवंत कलाकार होते आणि फक्त रेडिओवरून त्यांना ओळखणारे साधे श्रोतेही. पील यांचं आत्मचरित्र अर्धवट राहिलं होतं. ते शीलानं पूर्ण केलं.

त्यांच्या घरात तेव्हा २५,००० हून अधिक मोठ्या आणि ४०,००० च्या आसपास छोट्या रेकॉर्ड्स होत्या. ग्रेट फिनबरोच्या चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे. तिच्यावर ना पदव्या कोरल्यात, ना पुरस्कार. कोरली आहे ती डेरीच्या पोरांच्या त्या गाण्यातली एक ओळ.

दोस्तांनो, तुमच्या वर्गात एखादी मुलगी वहीच्या मागच्या पानावर कविता लिहीत असेल. शेजारचा दादा बेसूर गिटार झोडत असेल. त्यांनी ‘ऐकतोस का जरा?’ असं विचारलं, तर घड्याळाकडे न बघता एकदा सगळं ऐकून घ्या. आणि आवडलं तर ‘पुन्हा एकदा!’ असं म्हणायला विसरू नका.